माळ्यावरचा डबा

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आधी माळा काढायला घेतला की दरवर्षी एखादी तरी वस्तू अशी हाती लागते, की हातातली केरसुणी तशीच राहते आणि आपण स्टुलावरून उतरून फरशीवर फतकल मारून बसतो. कधी मुलांची झबली निघतात, कधी लग्नातली आहेराची यादी. गेल्या दिवाळीत माझ्या हाती एक पत्र्याचा डबा लागला. सासूबाईंचा. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

झाकण गंजून घट्ट बसलं होतं. उलथन्यानं उचकटलं, तर आत अकरा पुड्या! काही जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या, काही पंचांगाच्या पानांत गुंडाळलेल्या. वास आला मात्र, आणि मला एकदम माझं पहिलं बाळंतपण आठवलं. याच डब्यातून त्या काहीतरी काढायच्या, सहाणेवर उगाळायच्या आणि चमच्यात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहायच्या.

"आई, हे काय आहे?" असं मी एकदा विचारलंही होतं.

"झाडपाल्याचं आहे. घे मुकाट्यानं."

मी मुकाट्यानं घेतलं. बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी, मुलांना 'शंका विचारा, लाजू नका' असं रोज सांगणारी मी. पण पुढचा प्रश्न काही विचारला नाही. तेव्हा वाटायचं, आहेत की त्या घरात, विचारू कधीतरी.

पुड्या वर्तमानपत्रावर मांडल्या आणि शेजारच्या आजींना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून पटापट सहा ओळखल्या. पिळाची मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, सागरगोटा, डिकेमाली ही बाळगुटीतली मंडळी. (गुटी द्यावी की नाही हा आजचा विषय नव्हे. तान्ह्या बाळाला काहीही चाटवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, एवढंच म्हणते.) सहावी होती गारंबीची बी. चपटी, गर्द तपकिरी, पॉलिश केल्यासारखी चकचकीत. उरल्या पाच पुड्या: दोन वेगवेगळ्या झाडांच्या साली, एक गाठीगाठींचं मूळ, मूठभर काळं बी आणि चुरा झालेला पाला. आजींनी मान हलवली. "तुझी सासू कर्जतकडची. तिकडच्या रानातलं असेल हे. मला नाही बाई ठाऊक."

म्हणजे अख्ख्या घराला वर्षानुवर्षं पुरलेलं औषधाचं कपाट माझ्यासमोर उघडं होतं, आणि त्यातलं निम्मं मला केराच्या टोपलीत टाकण्याच्या लायकीचं झालं होतं.

एवढ्यावर गप्प बसवेना. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे पाचही पुड्या घेऊन गेले. त्यांनी हुंगल्या, भिंगातून पाहिल्या. मी चिमूट जिभेवर ठेवणार, तर केवढ्यानं ओरडले! "अहो, चव कसली घेताय? कळलावीचा कंद पोटात गेला तर माणूस जातं. वाळलेला कंद नुसता बघून भल्याभल्यांना ओळखू येत नाही." मग शांतपणे म्हणाले, "बाई, पान नाही, फूल नाही, कुठल्या रानातलं ते माहीत नाही, कधी काढलं ते नाही, कशासाठी ते नाही. मी काय सांगू? याचं नाव हरवलंय, गावही हरवलंय."

आणि मग त्यांनी मला त्यांचं कपाट उघडून दाखवलं.

आतमध्ये जाड कागदांच्या चळती. प्रत्येक कागद साधारण साडेसोळा इंच लांब, साडेअकरा इंच रुंद. त्यावर दाबून वाळवलेली एक एक फांदी, मुळासकट, फुलासकट, शिवून किंवा चिकटवून ठेवलेली. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी: झाडाचं शास्त्रीय नाव, लोकांच्या तोंडी असलेलं नाव, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि शेवटी 'उपयोग' अशी एक ओळ. याला हर्बेरियम म्हणतात. माणसं झाडांचा कसा कसा उपयोग करतात, याचा अभ्यास करणारं शास्त्र ते लोकवनस्पतिशास्त्र. त्या शास्त्राच्या संग्रहात नुसत्या फांद्या नसतात. बी असतं, साली असतात, डिंक, रंग, दोरखंड, टोपल्या, सगळं असतं. म्हणजे आमच्या डब्यासारखंच की! फरक फक्त कोपऱ्यातल्या चिठ्ठीचा.

तिथे शेवळाचा एक कागद होता. साठेक वर्षांपूर्वीचा. उपयोगाच्या ओळीत दोनच शब्द: 'भाजी करतात.' ते वाचून मला हसूच फुटलं. का, ते सांगते.

शेवळाची गोष्ट

मी घाटावरची. आमच्याकडे शेवळं कुणाला माहीत नाहीत. लग्न होऊन मी पेणला आले, त्या पहिल्या जूनमध्ये सासूबाई नणंदेकडे गेल्या होत्या. बाजारात ठाकूर समाजातल्या एक मावशी लांबट कोंबांच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. मामंजींना शेवळं फार आवडतात हे ऐकून होते. म्हटलं, नव्या सुनेचा हात दिसू दे! दोन जुड्या घेतल्या.

"बाय, काकडं नाय घेत?" मावशींनी विचारलं. बाजूला आवळ्याएवढ्या हिरव्या आंबट फळांचा ढीग होता. मला वाटलं, आणखी चार पैसे मिळवायची युक्ती. "नकोत," म्हणून मी ऐटीत घरी आले.

वालाच्या डाळिंब्या घालून भाजी केली. दिसायला छान, वासाला छान. पहिल्या घासाला मामंजी थांबले. दुसऱ्या घासाला पाण्याचा तांब्या जवळ ओढला. हे तर उठूनच गेले. घशात सुया टोचल्यासारखी खाज! मामंजी बिचारे काही बोलले नाहीत. ताकावर ताक प्यायले आणि 'भात वाढ' म्हणाले.

सासूबाई परतल्यावर आधी पोट धरून हसल्या, मग मला घेऊन बसल्या. शेवळाचं वरचं आवरण काढायचं. आतल्या दांड्याचा खालचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा, खाज त्यात फार. उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. आणि काकडं ठेचून, त्यांचा रस काढून भाजीत घालायचा. काकडं नसतील तर चिंच-आमसूल घालतात. "पण काकडं ती काकडं," त्या म्हणाल्या.

शेवळं म्हणजे रानातल्या सुरणाचा भाऊबंद. शास्त्रज्ञ त्याला अमॉर्फोफॅलस कम्युटेटस म्हणतात. आपण भाजी करतो ती पानं नव्हेत. पहिल्या पावसाच्या सुमारास जमिनीतल्या कंदातून आधी फुलाचा दांडा वर येतो, पान मागाहून. तो दांडा उमलण्याआधीच खुडतात (उमलला की त्याला असा काही वास सुटतो, की पुढे विचारू नका). त्याच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. आणि काकड म्हणजे रानात वाढणारं मोठं झाड, गारुगा पिनाटा. त्याची फळं नेमकी त्याच दिवसांत तयार होतात. एक जमिनीखालचा कंद आणि एक उंच झाड. दोघांची गाठ घालून दिली ती कुणा सुगरण रानकरणीनं, आणि तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

आता तो कॉलेजातला कागद आठवा. 'भाजी करतात.' त्या नोंदीवर विसंबून कुणी भाजी केली, तर माझ्यासारखीच फजिती! पण गोष्ट फजितीवर संपत नाही. समजा, उद्या कुणी ठरवलं की शेवळं टिकवायची. चांगलं आहे. टेकडीचा एक तुकडा कुंपण घालून राखला. आणि शेजारचे काकड सरपणाला तोडले, कारण काकडाचा शेवळाशी काही संबंध आहे हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. मग शेवळं टेकडीवर राहतील, पण भाजी जाईल. भाजी गेली की ती ओळखणारी माणसं जातील. आणि जिला कुणी ओळखत नाही, तिच्यावरून बुलडोझर जाताना हळहळणार कोण?

दुसरीही बाजू आहे, आणि ती आपल्यासारख्या गावात राहणाऱ्या, पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या बायकांशी थेट जोडलेली आहे. आपण जुडी घेतो ती फुलांची. फूल खुडलं म्हणजे त्या वर्षी त्या झाडाला बी नाही. कंद जमिनीत राहिला तर पुढच्या वर्षी पुन्हा येईल, पण नवी रोपं कुठून यायची? आमच्या बाजारातल्या मावशी सांगतात, एका जागचे सगळे कोंब काढायचे नाहीत आणि कंदाला हात लावायचा नाही, ही त्यांच्याकडची जुनी रीत. हल्ली रानभाज्यांना मोठ्या शहरांत मागणी आली, टेम्पो भरून माल जातो. टेम्पोवाल्याला रीत कोण सांगणार?

ही रीतसुद्धा चिठ्ठीवर यायला हवी. कोणता भाग काढतात, कोणत्या महिन्यात, किती ठेवतात. वनस्पती वाचवणाऱ्या माणसाला याचा जेवढा उपयोग होतो, तेवढा दुसऱ्या कशाचा होत नसेल.

जुने कागद काय सांगतात

तुम्ही म्हणाल, वाळलेल्या फांद्या कपाटात ठेवून जिवंत झाडं कशी वाचणार? मलाही हाच प्रश्न पडला होता.

मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. १९०६ साली सुरू झालेलं. फादर ब्लॅटर हे स्वित्झर्लंडचे धर्मगुरू. त्यांच्या मागून स्पेनचे फादर सांतापाव आले. या मंडळींनी मुंबईपासून खंडाळ्यापर्यंतची रानं पायी तुडवली. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून आहे, आणि आघारकर संशोधन संस्थेतही असाच संग्रह आहे. या कपाटांतल्या कागदावर गाव आणि तारीख असते. त्यामुळे ऐंशी वर्षांपूर्वी एखादी वनस्पती कुठे कुठे होती, हे कळतं. आज त्या ठिकाणी जाऊन बघायचं: आहे की नाही? नसेल तर किती ठिकाणांहून गेली? 'धोक्यात आलेल्या वनस्पती' अशी जी यादी करतात, ती अशाच ताळ्यावर उभी असते. फुलाची तारीख असते, म्हणून फुलोरा आता आधी येतो की उशिरा तेही ताडता येतं.

कधी कधी तर गाव नावातच राहतं. आपण पावसाळ्यात फोडशीची, म्हणजेच कुळीची भाजी करतो ना? तिच्याच कुळातली सफेद मुसळी. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. बोरिव्हिलियानम म्हणजे आपल्या मुंबईच्या बोरिवलीची! फादर सांतापाव आणि त्यांच्या सहकाऱ्यानं ती तिथल्या जंगलातून नोंदली. पुढे औषधी मुळ्यांसाठी ती रानोमाळ इतकी उपटली गेली, की शेवटी शेतात लावायची वेळ आली.

शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकडी नावाची एक मांसल खोडाची वनस्पती आहे. एकोणिसाव्या शतकात डॅल्झेलसाहेबानं तिला मुंबईचे गव्हर्नर फ्रिअर यांचं नाव दिलं, फ्रेरिया इंडिका. जगातल्या अत्यंत धोक्यातल्या बारा वनस्पतींत तिची गणना झाली होती. आपल्या सह्याद्रीपलीकडे ती जगात कुठेही नाही. जुन्या नोंदी होत्या म्हणूनच कोणत्या किल्ल्याच्या कोणत्या कड्यावर शोधायची ते कळलं, मग फांद्या लावून रोपं करता आली. साहेबाचं नाव कागदावर आहे. पण मला विचाराल तर 'शिंदळ माकडी' हे नाव ज्या गुराख्यानं ठेवलं, त्याची कल्पनाशक्ती साहेबापेक्षा दांडगी!

परदेशातलं एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण तेही पुड्यांचंच आहे. यान टेरलिंक नावाचा एक डच व्यापारी १८०३ साली आफ्रिकेच्या केप इथे गेला होता. त्यानं तिथलं बी कागदाच्या छोट्या पुड्यांत घालून, पुड्यांवर नावं लिहून पाकिटात ठेवलं. त्याचं जहाज इंग्रजांनी पकडलं आणि पाकीट कागदपत्रांबरोबर लंडनच्या दप्तरात जाऊन पडलं. दोनशे वर्षांनी ते सापडलं. लंडनजवळच्या क्यूच्या शास्त्रज्ञांनी ते बी पेरून पाहिलं, आणि तीन जाती चक्क उगवल्या! सगळंच बी काही उगवलं नाही. पण उगवलं ते काय आहे आणि कुठलं आहे, हे कळलं ते पुडीवरच्या अक्षरांमुळे.

त्याच क्यूमध्ये उपयोगी वनस्पतींचा एक संग्रह आहे. १८४७ साली विल्यम हूकर यांनी सुरू केला, आज त्यात सुमारे एक लाख वस्तू आहेत. १८७९ साली लंडनचं इंडिया म्युझियम बंद झालं, तेव्हा आपल्या देशातून गेलेल्या कितीतरी वस्तू तिथे पोचल्या. कोयनेल ज्या सिंकोनापासून काढतात, त्याच्या सालींचे नमुनेच्या नमुने आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी. मी आमच्या त्या दोन साली आठवून मनातल्या मनात खजील झाले.

माहीत असणं आणि लिहिलेलं असणं

हळदीचा किस्सा तुम्हाला आठवत असेल. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. आपण सगळ्या हसलो. मुलाचा गुडघा फुटला की कोणती आई हळद दाबत नाही? पण कचेरीत आईचं म्हणणं चालत नाही, लेखी पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनं जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले बत्तीस संदर्भ शोधून पुढे ठेवले, तेव्हा कुठे १९९७ साली पेटंट रद्द झालं. हळद वाचली, कारण ती ग्रंथात होती. कर्जतच्या रानातली गाठीगाठींची मुळी कोणत्या ग्रंथात आहे?

उलटही घडतं, तेही सांगायला हवं. नुसती माहिती बाहेर पडली आणि राखण नसली तर झाडाचा घात होतो. आपल्या घाटातला नरक्या घ्या. कॅन्सरवरच्या औषधांचं मूळ असलेलं एक द्रव्य १९६६ साली मन्सुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून शोधून काढलं. (हे वाणी जन्मानं आपल्या नंदुरबारचे बरं का!) पुढे तेच द्रव्य भारतातल्या शास्त्रज्ञांना नरक्यात सापडलं. झालं! ज्या झाडाकडे वासामुळे कुणी फिरकत नव्हतं, ते मुळासकट उपटून पोत्यांनी जायला लागलं. म्हणून आता जाणती मंडळी दुर्मीळ झाडाचा नेमका ठावठिकाणा छापत नाहीत. नोंद ठेवतात, पण पत्ता राखून. मला हे शहाणपणाचं वाटतं. घरातले दागिने आपण लिहून ठेवतो, ते काय दारावर?

गारंबीची बी मी वर सांगितली, तिचाही पत्ता असाच एका अभ्यासातून कळला. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ सत्तरच्या दशकात आपल्याकडच्या देवराया हिंडले. १९७६ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. आमच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या देवराईत त्यांना गारंबीची एकुलती एक वेल आढळली, आणि तिची साल गुरांच्या औषधासाठी मागायला लांबलांबची माणसं येत. आजूबाजूची रानं गेली होती, देवाच्या धाकानं ही एक राहिली होती. वर्तकांनी नुसती वेल नोंदली असती तर एक जात नोंदली गेली असती. लोक साल मागायला येतात हे लिहिलं, म्हणून ती देवराई का राखायची हे गावाबाहेरच्या माणसालाही कळलं.

एक तक्रार मात्र माझ्या मनात आहे. या जुन्या कागदांवर गोळा करणाऱ्याचं नाव ठसठशीत असतं, सांगणाऱ्याचं सहसा नसतं. तीनशे वर्षांपूर्वी याहून बरी रीत होती म्हणायची! कोचीनच्या डच गव्हर्नरानं, व्हान ऱ्हेडेनं, मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ केला, 'होर्तुस मलाबारिकुस'. पहिला खंड १६७८ सालचा. त्यात माहिती देणारे वैद्य इट्टी अच्युतन यांचं नाव आहे, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तिघा कोकणी वैद्यांचा दाखलासुद्धा छापला आहे, कोकणी भाषेत आणि आपल्याच नागरी लिपीत! आणि आपल्या काळात? अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाल, भाज्या, भात यांचं बी घरात जपलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाण्याबरोबर त्यांचं नाव राहील. आमच्या बाजारातल्या मावशींचं?

घरच्या घरी कसं कराल

हे काही फार अवघड नाही. पापड वाळवणाऱ्या बाईला झाड वाळवता आलंच पाहिजे.

पान, फूल, जमलं तर फळ असलेली छोटी फांदी घ्यावी. दुर्मीळ वाटली, एकच झाड दिसलं, तर तोडू नये, मोबाइलवर फोटो काढावा: पूर्ण झाडाचा, पानाचा, फुलाचा. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत सरळ पसरावी, एखादं पान उलटं ठेवावं म्हणजे मागची बाजू दिसते. वर आणखी वर्तमानपत्रं आणि त्यावर पाटा किंवा जाडजूड पुस्तकं. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलायचा. आळस केलात तर बुरशी! पावसाळ्यात कागद आधी तव्यावर किंवा इस्त्रीनं गरम करून घ्यावा. आठ-दहा दिवसांत फांदी कडक होते, मग जाड कागदावर पांढऱ्या दोऱ्यानं टाके घालून बसवावी. शेवळं, कंद असले रसाळ प्रकार मात्र कुजतात. त्यांचा उभा पातळ काप करून वाळवावा. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवाव्या, नाहीतर किडे महिन्याभरात तुमचं शास्त्र फस्त करतील.

चिठ्ठीवर काय लिहायचं? स्थानिक नाव, आणि ते ज्या समाजात, ज्या गावात म्हणतात ते. आपल्याकडे एका नावाची दोन-तीन झाडं असतात. आपण वेलासारख्या पसरणाऱ्या, गोल पानांच्या वनस्पतीला ब्राह्मी म्हणतो, दुसऱ्या प्रांतात ब्राह्मी म्हणून भलतीच देतात. शंखपुष्पीचं तर विचारूच नका. म्हणून नाव एकटं पुरत नाही, झाड एकटं पुरत नाही, दोन्ही लागतं. मग गाव, जागा (शेताचा बांध, ओढा, कातळ), तारीख. कोणता भाग, कशासाठी, कसा करतात, काय घालून करतात. काकडं विसरू नका! आणि सांगणाऱ्या व्यक्तीचं नाव, तिला विचारून.

शहाणी असाल तर आणखी एक करा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत तसंच नगरपालिकेतही जैवविविधता समिती असते, आणि तिनं लोकांच्या माहितीची नोंदवही करायची असते. जाऊन विचारा, आपल्या गावची नोंदवही कुठे आहे? वर्गातल्या मुलांना मी 'आजीकडून तीन झाडं लिहून आणा' असा गृहपाठ दिला होता. निम्म्या मुलांनी तुळस, कडुनिंब, कोरफड लिहून आणलं. पण एका मुलीनं चाईच्या मोहोराची भाजी आजीच्या शब्दांत कृतीसकट लिहून आणली, आणि खाली लिहिलं होतं, 'आजी म्हणते, बाई, तुम्ही येऊन बघा.' वाचून मला कानकोंडं झालं.

पाच पुड्यांचं काय झालं, ते राहिलंच. उन्हाळ्याच्या तोंडाला मी त्या बाजारात मावशींकडे घेऊन गेले. त्यांनी एक साल नखानं खरवडली, हुंगली. "कुडा," त्या म्हणाल्या, "हागवणीवर." प्राध्यापकांना सांगितलं तर म्हणाले, फुलोरा आणा, काळा कुडा म्हणून दुसरं झाड आहे, सालीत गफलत होते. एप्रिलअखेर कुडा पांढऱ्या फुलांनी भरला तेव्हा मावशींनी दाखवलेल्या झाडाची फांदी नेली. पांढराच कुडा निघाला. तो कागद आता आमच्या घरात आहे. चिठ्ठीवर उपयोग लिहिला आहे, मावशींचं नाव आहे, आणि खाली मी आणखी एक ओळ घातली आहे: 'सासूबाईंच्या डब्यातून.'

दुसरी साल, काळं बी आणि पाला त्यांनाही ओळखता आला नाही. गाठींचं मूळ मात्र हातात घेऊन त्या बराच वेळ बसल्या. "हे माज्या सासूला ठावं. म्हातारी हाय अजून. डोंगरात नाय चढत, पन हात करून जागा दावंल."

मी म्हटलं, "मग उद्याच जाऊ या?"

"आता जाऊन काय बघशील, बाय? पान नाय आता त्याला. पाऊस पडू दे."

हे लिहीत असताना मे संपत आला आहे. पाऊस अजून आलेला नाही. म्हातारीला, मावशी म्हणतात, या उन्हाळ्यात खोकल्यानं फार धरलं आहे.